शरीरात नसलेली नोंद

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, अशी फिर्याद होती. आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस होते. दुसऱ्या दिवशी रात्री डॉक्टरांनी मुलीला तपासलं. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, अंगावर जखम नाही, योनिपटल पूर्वीच फाटलेलं, योनिमार्गात दोन बोटं सहज जातात, असा अहवाल लिहिला गेला. पुढे त्या मुलीच्या नावाने देशभर गाजलेलं ‘मथुरा प्रकरण’ ते हेच.

१९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. मुलीला संभोगाची सवय होती, त्यामुळे जे झालं तो बलात्कार नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. पोलीस ठाण्यात, रात्री, वर्दीतल्या माणसांपुढे एक मुलगी गप्प राहिली म्हणजे तिने होकार दिला असं होत नाही, हे या खंडपीठाने ओळखलं आणि दोघांना शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, या गोष्टींना तिथे वजन मिळालं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मुंबईत आणि इतर शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात ‘माझी संमती नव्हती’ असं बाई न्यायालयात सांगत असेल, तर संमती नव्हती हे गृहीत धरूनच खटला पुढे न्यायचा, असं ठरलं.

वैद्यकीय अहवालातली ती दोन वाक्यं मात्र तशीच राहिली. पटल फाटलेलं, दोन बोटं सहज जातात. पुढची तीसेक वर्षं देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या कागदावर ती लिहिली जात होती आणि न्यायालयांत वाचली जात होती. म्हणून आधी शरीरशास्त्राकडे वळायला हवं. या दोन वाक्यांतून त्या मुलीच्या पूर्वायुष्याबद्दल नेमकं काय कळतं? काहीही कळत नाही.

बहुतेकांच्या मनात एक चित्र असतं. योनीच्या तोंडावर एक बंद, ताणलेला पडदा आहे, पहिल्या संबंधात तो फाटतो, रक्त येतं आणि त्यानंतर तो कायमचा जातो. पडदा बंद असता तर वयात आलेल्या मुलीची पाळी बाहेर आलीच नसती, एवढा विचार केला तरी हे चित्र ढासळतं. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरेनस या ग्रीक वैद्याने स्त्रीरोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात योनिमार्ग आडवा अडवणारा असा पडदा असल्याचं त्याने स्पष्ट नाकारलं होतं. पटल असतं, पण ते अडवत नाही. योनिमुखाच्या कडेने असलेली ती श्लेष्मल त्वचेची एक मऊ घडी आहे.

ही घडी तिथे येते कशी, हे समजलं की तिच्याभोवतीचं बरंचसं गूढ उरत नाही. गर्भामध्ये योनिमार्ग एकसंध तयार होत नाही. वरच्या बाजूने म्युलेरियन नलिका खाली येतात, त्यांच्यापासून गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग बनतो. खालच्या बाजूला मूत्रमार्गाशी जोडलेली एक पोकळी असते, तिच्यापासून खालचा भाग घडतो. दोन्ही जिथे भेटतात तिथे सुरुवातीला पेशींचा भरीव गठ्ठा असतो. तो हळूहळू आतून पोकळ होत जातो आणि सांध्यावर उरलेला शेवटचा पातळ पापुद्रा साधारण जन्माच्या आगेमागे मधोमध उघडतो. कडेला जे शिल्लक राहतं ते योनिपटल. त्याचं शरीराला काही ठरावीक काम असल्याचं आढळलेलं नाही. गिनी पिगच्या मादीत अशाच जागी एक पापुद्रा असतो, तो तिच्या माजाच्या काळात उघडतो आणि नंतर पुन्हा मिटतो. माणसाच्या मादीत असलं काहीच घडत नाही. वाढीच्या ओघात मागे राहिलेला हा अवशेष आहे. निसर्गाने त्यावर कुणासाठी काही लिहून ठेवलेलं नाही.

क्वचित एखाद्या मुलीत तो शेवटचा पापुद्रा उघडतच नाही. साधारण हजार-दोन हजार ते काही हजार मुलींमागे एकीत असं आढळतं. मुलगी वयात आल्याच्या इतर खुणा दिसतात, पाळी मात्र येत नाही आणि दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, कारण रक्त आत साचत राहतं. छोट्याशा शस्त्रक्रियेने हे बरं होतं. खेदाची गोष्ट म्हणजे पडदा कापला तर मुलगी ‘कुमारी’ राहणार नाही, अशी भीती काही घरांत असते. जिथे पटल खरोखर बंद असतं तिथे तो आजार असतो, हे आईवडिलांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

पटलाचे आकार नाना तऱ्हेचे असतात. कुणाचं गोल कड्यासारखं, कुणाचं चंद्रकोरीसारखं, कुणाचं झालरीच्या कडांचं, कुणाच्या मधून आडवी पट्टी गेलेली, तर कुणाला एका मोठ्या छिद्राऐवजी अनेक बारीक छिद्रं. झालरीसारख्या पटलाला जन्मापासूनच खाचा असतात. ‘जुनी फाट’ म्हणून ज्यांची नोंद होते त्यांतल्या कित्येक खाचा याच.

शिवाय ही घडी वयानुसार बदलते. तान्ह्या मुलीत आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे ती जाड असते. बालपणी इस्ट्रोजेन ओसरलं की पातळ आणि फार हळवी होते. वयात येताना मुलीचं स्वतःचं इस्ट्रोजेन वाढतं, तशी ती पुन्हा जाड, घड्यांची आणि लवचीक बनते. केसांना बांधायचं कापडी रबरबँड जसं ताणलं जातं आणि सोडलं की पूर्ववत होतं, तसं वयात आलेल्या मुलीचं पटल ताणलं जाऊन पुन्हा जागेवर येऊ शकतं. त्यात रक्तवाहिन्या थोड्याच असतात. चीर गेली तरी ती झपाट्याने भरते, आणि बऱ्याचदा नंतर वणही शोधून सापडत नाही.

या सगळ्याचा अर्थ २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने लख्ख दाखवला. छत्तीस गरोदर किशोरवयीन मुली तपासल्या गेल्या. त्यांचा शरीरसंबंध आला होता, हे तर गर्भच सांगत होता. तरीही योनिप्रवेश झाल्याचा ठाम पुरावा म्हणता येईल अशी खूण छत्तिसांपैकी फक्त दोघींत सापडली. गरोदर मुलीच्या शरीरावरूनही जर सांगता येत नसेल, तर गरोदर नसलेल्या मुलीबद्दल आणि तेही तिच्या फार मागच्या दिवसांबद्दल कोणता डॉक्टर काय सांगणार?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्रसूतीनंतर पटलाचं रूप बदलतं, ते दिसून येतं. लहान मुलीवर अत्याचार झाल्यावर लगेच तपासणी झाली तर ताजी जखम सापडू शकते, आणि ती तपासणी महत्त्वाची असते. पण जखम नसणं म्हणजे काही घडलं नाही असं नव्हे. लहान मुलांवरचे बहुतेक अत्याचार अंगावर कायमची खूण ठेवत नाहीत. आपल्या मुलीने सांगितलेली गोष्ट डॉक्टरांच्या ‘काही आढळलं नाही’ या एका ओळीवर खोटी ठरवणाऱ्या पालकांनी आणि वकिलांनी हे नीट समजून घ्यायला हवं.

रक्ताचीही गोष्ट अशीच. १९९८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लंडनच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं पत्र छापून आलं. त्यांनी आपल्या ओळखीच्या, एकत्र काम करणाऱ्या स्त्रियांना पहिल्या संबंधाबद्दल सहज विचारलं होतं. निम्म्याहून अधिक जणींना अजिबात रक्त आलं नव्हतं. ही काही शास्त्रशुद्ध पाहणी नव्हती, पण स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अनुभवाशी ती जुळणारी आहे. रक्त येतं तेव्हा बहुतेकदा त्यामागे कोरडेपणा, घाई, भीतीने आवळलेले स्नायू किंवा बळजबरी असते. बाई उत्तेजित झाली की योनीच्या भिंतींतून ओलावा पाझरतो, आतला भाग सैलावतो आणि लांबतोही. त्याला वेळ लागतो. ज्या रात्री चादरीवर लाल डाग दिसायलाच हवा अशी अट असते, त्या रात्री नवऱ्याला थांबायला आणि बायकोला सैलावायला मुळी जागाच नसते. तो डाग पवित्र मानला गेला, आणि त्याच्यासाठी कित्येक बायकांना दुखापत सहन करावी लागली.

सुधारकी विचाराचे लोक या विषयावर बोलताना दोन वाक्यं नेहमी वापरतात. ‘सायकल चालवून, पोहून, खेळूनही पडदा फाटतो’ हे पहिलं. ‘काही मुलींना तो जन्मतःच नसतो’ हे दुसरं. दोन्हींमागचा हेतू चांगला आहे, तरी माझ्या मते ती सोडून द्यायला हवीत. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११३१ नवजात मुली तपासल्या होत्या, त्या सगळ्यांना पटल होतं. सायकलवरून किंवा भिंतीवरून घसरून लागतं ते बहुधा बाहेरच्या ओठांना, आत असलेलं पटल त्यातून सहसा वाचतं. खेळामुळे पटल फाटतं याला भक्कम पुरावा नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, हा युक्तिवाद मूळ समज कायमच ठेवतो. खेळणाऱ्या मुलीला त्याने माफी मिळते, पण न खेळणाऱ्या मुलीचं पटल पाहून तिला दोषी धरायला वाट मोकळी राहते. पटलावरून कुणाबद्दलच काही कळत नाही, हे एवढंच सांगणं खरं आहे आणि पुरेसं आहे.

आता दोन बोटं. योनिमार्ग ही उघडी नळी नव्हे. एरवी त्याच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि भोवती कटितळाच्या स्नायूंचा आधार असतो. हेच स्नायू मूत्राशय आणि गर्भाशयही तोलून धरतात. भीती वाटली की ते आवळतात, माणूस निश्चिंत असला की सैल पडतात. वय, शरीरातली संप्रेरकं, झालेल्या प्रसूती आणि तपासणाऱ्याच्या बोटांची जाडी यांवर सगळं अवलंबून असतं. कुणाशी किती वेळा संबंध आला याची नोंद ठेवणारी कोणतीही व्यवस्था त्या स्नायूंत नाही. पुरुषाच्या शरीरात ती नाही, हे सगळ्यांनाच मान्य असतं. म्हणून तर मुलाचं ‘कौमार्य’ तपासायची रीत क्वचितच कुठे आढळते.

तरीही आपल्याकडच्या न्यायवैद्यकशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत पिढ्यान् पिढ्या कौमार्याची लक्षणं शिकवली गेली. त्यांत एक तक्ता असायचा. एका बाजूला ‘खरी कुमारी’, दुसऱ्या बाजूला ‘खोटी कुमारी’. पटल शाबूत आहे पण संबंध आलेला आहे, ती खोटी. स्तन, बाह्य ओठ आणि योनीची घट्टता यांवरून हा फरक ओळखायला भावी डॉक्टरांना शिकवलं जाई, त्यावर परीक्षेत प्रश्न येत आणि गुण मिळत. पटल काही सांगत नाही हे त्या ‘खोट्या कुमारी’च्या रकान्यानेच मान्य केलं होतं. पण त्यातून विषय सोडून देण्याऐवजी शरीराच्या इतर भागांची उलटतपासणी सुरू झाली.

हा तक्ता वाचताना मला पुण्यातल्या आणि पिंपरीतल्या कंजारभाट वस्त्यांमधली लग्नानंतरची सकाळ आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे नवरा-नवरीला खोलीत पांढरं वस्त्र देऊन पाठवायची रीत होती. सकाळी जातपंचायतीपुढे नवऱ्याला विचारायचं, माल खरा की खोटा? त्याने ‘खरा’ असं तीनदा म्हणायचं. ‘खोटा’ म्हटलं तर मुलीला मारहाण, तिच्या घराला दंड आणि वस्तीत मान खाली. विद्यापीठाचं पुस्तक आणि पंचायतीची बैठक दोघांनी एकच शब्दांची जोडी वापरावी हा योगायोग नव्हे. दोघांच्या डोक्यातली बाई एकच होती. कंजारभाट ही ब्रिटिशांनी ‘गुन्हेगार’ म्हणून शिक्का मारलेल्या आणि १९५२ साली त्यातून मुक्त झालेल्या जमातींपैकी एक. त्यांच्या या प्रथेच्या बातम्या छापून आल्या तेव्हा बाकीच्यांनी ‘किती मागासलेले’ असा सुस्कारा सोडला. पण त्याच वेळी शहरातल्या शिकलेल्या डॉक्टरांच्या हातून तीच चाचणी हातमोजे घालून होत होती, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

प्रथेविरुद्ध उभे राहिले ते त्याच समाजातले तरुण. विवेक तमायचीकर आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१७ च्या अखेरीस ‘स्टॉप द व्ही-रिच्युअल’ हा गट सुरू केला. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीतल्या एका लग्नात गटातल्या तरुणांना मारहाण झाली. विवेक यांनी त्याच वर्षी मे महिन्यात ही चाचणी नाकारून लग्न केलं. त्यांच्या पाठीशी एक कायदा होता. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम चालवली होती, आणि तिच्या रेट्यातून सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ मध्ये संमत होऊन २०१७ मध्ये अमलात आला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेव्हाचे गृहराज्यमंत्री रणजित पाटील यांनी कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचार मानला जाईल, असं जाहीर केलं. कायदा आणि घोषणा आपापल्या जागी. वस्तीत राहून, नातेवाइकांचे टोमणे झेलून ‘नाही’ म्हणणाऱ्या त्या मुलामुलींचं धैर्य मला जास्त मोलाचं वाटतं.

पांढऱ्या चादरीची ही रीत एका जमातीची किंवा एका देशाचीही नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात मुलीचे आईवडील गावच्या वडीलधाऱ्यांपुढे तिच्या कौमार्याचा पुरावा म्हणून वस्त्र पसरतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या अनेक समाजांत अशीच चादर दाखवली जाई. आधुनिक राज्यसंस्थाही यात मागे नव्हती. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. होणाऱ्या नवऱ्याशी लग्न करायला आली होती. वाग्दत्त वधूला तेव्हा आधी व्हिसा लागत नसे, पत्नीला लागे. ती खरंच अविवाहित आहे का, हे ठरवण्यासाठी तिथल्या अधिकाऱ्यांनी एका पुरुष डॉक्टरकडून तिची अंतर्गत तपासणी करवली. भारतीय बाई अविवाहित असेल तर कुमारीच असणार, हा त्यामागचा हिशेब. ‘गार्डियन’ने बातमी छापल्यावर गदारोळ झाला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ब्रिटिश सरकारची कागदपत्रं धुंडाळली, तेव्हा १९७६ ते १९७९ या काळात किमान ऐंशी स्त्रियांची अशी तपासणी झाल्याचं बाहेर आलं.

हे सगळे लोक नेमकं काय शोधत होते? बापाला आपलं मूल आपलंच आहे याची खात्री हवी होती, हे उत्तर नेहमी दिलं जातं, आणि ते काही अंशी खरं आहे. आई कोण हे उघड दिसतं, बाप कोण हे डीएनए चाचणी येईपर्यंत केवळ विश्वासावर होतं. जमीन आणि घर मुलाकडे जाणार, म्हणून मुलाच्या आईवर पहारा. पण आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, आणि तो सर्वांत स्पष्टपणे मांडला बाबासाहेब आंबेडकरांनी. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातींवरच्या निबंधात त्यांनी दाखवून दिलं की, जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या नियमावर, आणि तो नियम टिकवायचा तर बाईवर बंधनं घालणं भाग असतं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी त्यांनी याच एका सूत्रात बसवल्या. कौमार्याचा आग्रह त्याच सूत्रात बसतो असं मला वाटतं. मुलीला न्हाण येण्याआधी उजवून टाकण्यामागे तिच्या सुखाचा विचार कधीच नव्हता. तिने स्वतः कुणाला निवडण्याआधी तिची निवड संपवायची होती. आजही आंतरजातीय लग्नातून घडणाऱ्या हत्यांच्या मुळाशी हाच धसका असतो.

वैद्यकीय तपासणीतली ही चूक दुरुस्त करण्याचं काम बऱ्याच जणांनी मिळून केलं. मुंबईतल्या ‘सेहत’ या संस्थेने महापालिका रुग्णालयांबरोबर काम करून पीडितेची तपासणी सन्मानाने कशी करावी याची पद्धत घडवली. ‘बलात्कार झालेली बाई सामान्यतः अनैतिक चारित्र्याची होती’ असं दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम २००२ च्या अखेरीस गेलं. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी बाईच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी पुरावा कायद्यात भर पडली की, संमतीच्या प्रश्नात बाईचा पूर्वीचा लैंगिक अनुभव गैरलागू आहे. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तपासणीचे नवे नियम काढले आणि या चाचणीला मनाई केली. तरी ती थांबली नाही, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि हिमा कोहली यांच्या पीठाला पुन्हा सांगावं लागलं की, ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

न्यायालयाने बजावूनही डॉक्टर थांबत नव्हते, कारण त्यांना शिकवलंच तसं गेलं होतं. या मुळाला हात घातला वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत न्यायवैद्यकशास्त्र शिकवणारे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी. कौमार्याच्या लक्षणांना शास्त्रीय आधार नाही, असा सविस्तर अहवाल त्यांनी तयार केला. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो मान्य करून हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. खुद्द त्या विषयाच्या शिक्षकानेच आपल्या पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण खोटं आहे असं म्हणणं, ही साधी गोष्ट नव्हती. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही अभ्यासक्रम बदलून या खुणा अशास्त्रीय कशा आहेत, हे शिकवायला सांगितलं. पण ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आयोगाने काढलेल्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि पटलाचं महत्त्व हा भाग परत आला. टीका झाल्यावर काही दिवसांत तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. इतकं सगळं होऊनही ही जुनी समजूत परत यायला दारात उभीच असते.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांबरोबर निवेदन काढून कौमार्य चाचणी जगभर बंद करण्याचं आवाहन केलं. इंडोनेशियाच्या भूदलाने भरतीसाठी येणाऱ्या तरुणींची अशी चाचणी २०२१ मध्ये थांबवली. ब्रिटनने २०२२ मध्ये चाचणीबरोबर पटल ‘पुन्हा शिवून देण्याची’ शस्त्रक्रियाही बेकायदा ठरवली. आपल्याकडे मात्र या शस्त्रक्रियेच्या जाहिराती मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांकडून उघड होतात. ती करून घेणाऱ्या मुलीला मी नावं ठेवणार नाही, तिच्या डोक्यावरची टांगती तलवार तिलाच ठाऊक. पण जी गोष्ट मुळात पुरावा नाही, ती पैसे घेऊन ‘दुरुस्त’ करणारा डॉक्टर त्या तलवारीला धार लावत असतो.

आणि शाळा? १९२७ साली र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि शरीरसंबंधांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरं दिली. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण कर्वे मासिक १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवत राहिले. त्याच महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. पाळी कशी येते हे मुलींना निदान एखाद्या बाईंकडून कळतं. योनिपटल म्हणजे काय हे मात्र मुलगा मोबाइलवरच्या अश्लील चित्रफितींतून ‘शिकतो’ आणि मुलगी मैत्रिणीच्या भीतीतून. मग पहिल्या रात्री दोघंही चादरीकडे पाहत राहतात.

शेवटी, हा लेख वाचणाऱ्या एखादीला किंवा तिच्या घरच्यांना कधी गरज पडली तर, आजचा नियम काय सांगतो ते. लैंगिक अत्याचारानंतर सरकारी असो वा खासगी, कोणतंही रुग्णालय पहिले उपचार मोफत देण्यास बांधील आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये तसं लिहिलं आहे, आणि उपचार नाकारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० नुसार गुन्हा आहे. आधी पोलिसांत तक्रार करण्याची अट उपचारांना नाही. नको असलेली गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं पहिल्या बहात्तर तासांत, जितक्या लवकर तितकी बरी. आरोपीचा डीएनए मिळण्यासाठीचे नमुने साधारण शहाण्णव तासांपर्यंत घेता येतात, तोवर शक्य असेल तर अंघोळ करू नये आणि अंगावरचे कपडे धुऊ नयेत. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला बाईची संमती लागते. कोणताही भाग ती नाकारू शकते, आणि तेवढ्यावरून तिचे उपचार थांबवता येत नाहीत. योनिमार्गाची घट्टता किंवा पूर्वीचे संबंध यांबद्दल अहवालात एक शब्दही लिहिण्याचा अधिकार डॉक्टरला नाही. लिहिलाच, तर तो खोडून घेण्याचा आग्रह तिने आणि तिच्यासोबत आलेल्यांनी तिथल्या तिथे धरावा.